अण्णांचं परकं मेंढरू

विम्याच्या फॉर्मवर पेशंटच्या गावासाठी वेगळा रकाना नसतो, याचा अण्णा वाघमोड्यांना कायम राग असायचा. नाव, वय, पॉलिसी नंबर, आजार, सगळ्याला जागा होती आणि गाव मात्र पत्त्याच्या ओळीत कुठंतरी कोंबायचं. म्हणून त्यांनी आपल्यापुरता एक रकाना पाडून घेतला होता. फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात ते शिसपेन्सिलीनं गाव लिहायचे. खिडकीशी माणूस आला की पहिला प्रश्न, "गाव कुटलं?" एखाद्यानं घाईनं विम्याचं कार्ड पुढं केलं तर त्याच्याकडं न बघता म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या हो. गाव सांगा की." सोलापुरात तीन पिढ्या काढलेला माणूसही मग गडबडून जायचा आणि पणजोबांचं गाव आठवायला लागायचा.

पेशंटही त्यांच्या लक्षात राहायचे ते गावावरून. "बारा नंबरचं मोहोळ आज घरी चाललं." "आयसीयूतलं अक्कलकोट जेवलं का?" नर्सा तोंडावर हात धरून हसायच्या. पुढं पुढं त्याही तसंच बोलायला लागल्या आणि एकदा राउंडच्या वेळी एक नर्स मोठ्या डॉक्टरांसमोर "सातच्या कुंभारीला ताप आहे" म्हणून गेली.

हे हॉस्पिटल चाळीस खाटांचं, खासगी, नवी पेठेपासून चालत दहा मिनिटांवरचं. मालक असलेल्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही सगळे सर म्हणायचो. मी तिथं हिशेब बघत होते. पहिल्या मजल्यावर माझी केबिन, खाली जिन्याच्या पोटात अण्णांचं टेबल आणि त्याला लागून विम्याची खिडकी. अण्णांचं पाळण्यातलं नाव मायाप्पा. सतरा वर्षांत ते नाव मी एकदाच कागदावर टाइप केलं, आणि त्या एका कागदामुळंच हे लिहायला बसले आहे. मला त्यांची आठवण येते हे खरं, पण लिहिण्याचं कारण ते नाही. मला लाज वाटते, हे कारण आहे.

अण्णा उंच, किडकिडीत. मे महिन्यात सोलापूर तापलेलं असतानाही त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद असायच्या. माझ्या केबिनमध्ये येताना चपला दाराबाहेर काढायचे. मी कितीदा म्हटलं, अण्णा, हे काय देऊळ आहे का? त्यावर "सवय हाय मॅडम" एवढंच उत्तर. दुपारी भाकरी, शेंगाचटणी आणि एक कांदा बुक्कीनं फोडून खायचे. मग खुर्चीत ताठ बसूनच दहा मिनिटं झोपायचे. त्या दहा मिनिटांत खिडकीवर कलेक्टर आला असता तरी त्याला थांबावं लागलं असतं. स्टेपलरला कुणी हात लावलेला खपायचा नाही. नातेवाइकांवर खेकसायचे. विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर इतक्या मोठ्यानं भांडायचे की वरच्या वॉर्डातल्या पेशंटना आपला क्लेम कुठं अडलाय ते आपोआप कळायचं. थोडक्यात, संतमहात्मा वगैरे काही नव्हते. त्यांच्या हाताखाली काम करायला कुणी टिकत नसे आणि मलाही ते दिवसातून एकदा तरी नको व्हायचे.

पण संध्याकाळी घरी निघताना ते एक गोष्ट करायचे, ती बघायला मी कधी कधी मुद्दाम जिना उतरून यायचे. टेबलावर त्या दिवसाच्या फायली मांडलेल्या असायच्या. अण्णा उभे राहून एकेका जोडीच्या पाठीवर तळहात टेकवत मोजायचे. दोन, चार, सहा, आठ. मंगळवेढ्याकडच्या माळावर त्यांच्या घरची मेंढरं होती आणि त्यांचे वडील संध्याकाळी वाड्यात शिरणारी मेंढरं अशीच पाठीला हात लावून मोजायचे, म्हणे. आकडा जुळला की अण्णा "बसली सगळी" म्हणून दिवा घालवायचे. कमी भरला तर अर्थातच शोधाशोध. पण एखादी फाईल जास्त निघाली तरी त्यांचा चेहरा तितकाच पडायचा. मी एकदा विचारलं, जास्त झाली तर बरंच की, काळजी कसली?

"असं कसं मॅडम? कमी भरलं तर लांडग्यानं नेलं म्हनता येतं. जास्त भरलं तर आनलं कुनी? आपनच की."

मोजायची ही पद्धत त्यांनी पैशालाही लावली होती. विमा कंपनीकडून बिलाचे पैसे जमा झाले की ते फाईल काढून एकेक रक्कम ताडून बघायचे. कमी आले तर भांडण ठरलेलं. जास्त आले तर त्या फाईलला लाल दोरा बांधून ती वेगळी ठेवायची. अशा पैशाला त्यांचा शब्द होता, परकं मेंढरू.

त्यांच्याकडं रीतच तशी होती. दोन कळप पाणवठ्यावर एक झाले की एखादं मेंढरू चुकून दुसऱ्याच्या मागं जातं. संध्याकाळी मोजताना ते सापडतं. मग त्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधायची, त्याची लोकर कातरायची नाही, ते विकायचं नाही आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाला चावडीवर सांगायचं की आमच्यात एक परकं हाय. एका वर्षी त्यांच्या कळपात असं मेंढरू आलं आणि चार महिने राहून व्यालं. मालक शोधत आला तेव्हा वडिलांनी मेंढी आणि कोकरू दोन्ही देऊन टाकली. "आनि मग आठ दिस शिव्या घालत व्हता," अण्णा सांगायचे. "चारा माझा, राखन माझी, कोकरू त्याचं. आई म्हनली, मग दिलं कशाला? तर तिलाच शिव्या." हे सांगताना ते खूप हसायचे.

एकदा एका कंपनीकडून अकराशे रुपये जास्त आले. हातमोज्यांची आणि सिरिंजची रक्कम दोनदा धरली गेली होती. अण्णांनी फोनवर कंपनीचं तक्रार केंद्र गाठलं. फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच बसले होते.

"तक्रार काय आहे सर?" पलीकडून एका मुलीनं विचारलं.

"तक्रार न्हाय. तुमचे पैसे जास्त आल्यात. ते परत घ्या."

"म्हणजे तुम्हाला पैसे मिळाले नाहीत का?"

"मिळाले की. जादा मिळाले."

मुलीनं त्यांना संगीत ऐकत ठेवलं. पाच मिनिटांनी दुसरी मुलगी आली, तिनंही तक्रार काय ते विचारलं. तिच्यानंतर एक साहेब आले. त्यांच्या संगणकात पैसे परत घेण्याचा पर्यायच नव्हता. अण्णा म्हणाले, मग पत्र लिहितो. पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्रासोबत चेक जोडला, तो कुणाच्या नावानं जमा करायचा ते कळेना म्हणून परत आला. अकराशे रुपयांपायी तीन महिने आणि दीडशे रुपयांचं टपाल गेलं. शेवटी पावती आली तेव्हा त्यांनी ती मला आणून दाखवली आणि फाईलचा लाल दोरा सोडून स्टेपलरच्या डबीत ठेवला. मी तेव्हा त्यांना वेडे म्हटलं होतं. तोंडावर नाही, सरांपाशी.

सरांना मात्र अण्णांची किंमत नीट माहीत होती. त्यांचे मेहुणे एकदा छातीत दुखतंय म्हणून दाखल झाले, एक रात्र आयसीयूत राहिले. सरांनी बिलावर तीन रात्री लिहायला सांगितल्या. अण्णांनी कागद बाजूला सरकवला. सर खाली येऊन सगळ्यांसमोर ओरडले. अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, "तुमी मालक हाय. तीन लिवा न्हायतर तेरा. फकस्त माझी सही काढून टाका तिथली." सरांनी माघार घेतली आणि बिलावर एकच रात्र गेली. कारण कंपन्यांच्या लोकांना ती वळणदार, शेपूट लांब काढलेली सही ओळखीची झाली होती. ती बघून आमच्या फायली दोन दिवसांत मंजूर व्हायच्या, जिथं शेजारच्या हॉस्पिटलला पंधरा पंधरा दिवस लागायचे. अण्णांनाही त्या सहीचा ताठा होता. सहीसाठी त्यांचं पेन वेगळं होतं.

आता नरसय्याचं सांगते. नरसय्या कुंभारीला राहायचा आणि टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. कारखान्यानं कामगारांचा विमा उतरवला होता, पूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला तीन लाखांचा. दिवाळीच्या सुमाराला त्याला हार्ट अटॅक आला, आमच्याकडं स्टेंट घातला. बिल एक लाख पंचेचाळीस हजार. दाखल होता ते आठ दिवस त्याची आणि अण्णांची गट्टी जमली. कारण अगदी साधं. गाव विचारल्यावर नरसय्यानं कुंभारी सांगितलं नाही. आजोबा तेलंगणातल्या ज्या खेड्यातून सोलापूरला आले, तिथलं नाव सांगितलं आणि वर ते कुठं आहे हे नकाशा काढून दाखवलं. अण्णांना असा माणूस हवाच होता. घरी जाताना नरसय्यानं त्यांना आपल्या मागावरचा टॉवेल दिला आणि तब्येत सुधारल्यावरही जाता येता खिडकीशी डोकावू लागला.

त्याच दिवसांत अण्णा गावच्या देवाच्या जत्रेला गेले. वर्षातली त्यांची ती एकच रजा. नरसय्याचं बिल त्यांनी कंपनीच्या पोर्टलवर चढवून ठेवलं होतं. मी बघायला गेले तर पोर्टल अडकलेलं, बिल पोचलं की नाही ते कळेना. अण्णांना फोन केला, तर माळावर रेंज नाही. मग मी त्यांच्या टेबलावरून फाईल उचलली, खात्रीसाठी बिलाच्या सगळ्या प्रती काढल्या आणि कुरिअरनं पाठवून दिल्या. अण्णा आल्यावर त्यांना सांगायचं मात्र मी विसरले.

कंपनीनं पोर्टलवरचा एक आणि कुरिअरचा एक असे दोन क्लेम धरले आणि दोन्हीचे पैसे दिले. दुसरी रक्कम जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात जमा झाली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. लाल दोरा बांधला, पत्र लिहिलं आणि सहीसाठी आणि चेकसाठी माझ्यापुढं ठेवलं. "मॅडम, ह्या खेपेला लई मोठं मेंढरू हाय."

मी पत्र सरांकडं नेलं. त्याच महिन्यात नव्या सोनोग्राफी मशीनचा हप्ता भरायचा होता. सर म्हणाले, "त्यांनी आपले किती क्लेम कापले? कधी पत्र लिहिलं का कुणी? मागतील तेव्हा देऊ." हे मला लगेच पटलं. पटवून घ्यावंच लागलं नाही, कारण दुसरी फाईल मी पाठवली होती. पत्र गेलं असतं तर ती कुणी पाठवली हा प्रश्न निघाला असता. पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

दर सोमवारी अण्णा चपला काढून दारात उभे राहायचे. "पत्र गेलं का मॅडम?" मी म्हणायचे, बघते अण्णा. पुढच्या सोमवारी, सरांची सही राहिली आहे अण्णा. मग मार्चअखेर आली. असं सात महिने मी त्यांना झुलवत ठेवलं. ते चिडत नव्हते, हेच मला जास्त टोचायचं. बाकी सगळ्यांवर खेकसणारा हा माणूस माझ्यापुढं मान खाली घालून का उभा राहतो, याचा विचार तेव्हा मी टाळला. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय.

श्रावणात नरसय्या बायकोला घेऊन आला. पद्मा तिचं नाव. गर्भपिशवीत गाठ होती, रक्तस्राव थांबत नव्हता, ऑपरेशन लांबवण्यासारखं नव्हतं. खर्च पंच्याऐंशी हजार. अण्णांनी मंजुरीसाठी कागद पाठवले आणि तासाभरात उत्तर आलं की या कुटुंबाची वर्षाची मर्यादा संपत आली आहे, फक्त दहा हजार शिल्लक आहेत. नरसय्याचं एकच बिल कंपनीच्या वहीत दोनदा पडलं होतं. एक लाख पंचेचाळीस अधिक एक लाख पंचेचाळीस.

अण्णा वर आले. त्या दिवशी ते चपला घालून आत आले.

"मॅडम, ते पैसे आपल्याकडं हायत. त्या बाईच्या ऑपरेशनचे पैसे आपन दाबून बसलोय. आजच्या आज पत्र धाडा. मी हितनं कंपनीला फोन लावतो. दोन दिसांत मंजुरी आनतो."

सर परगावी होते. मी फोन लावला. ते म्हणाले, "सात महिने पैसे वापरले आणि आता पत्र? कॅशलेसच्या यादीतून काढून टाकतील आपल्याला. कंपनीनं नाकारलं म्हणून सांगा." मी फोन ठेवला आणि अण्णांकडं न बघता जिना उतरले. नरसय्या खिडकीशी उभा होता, पद्मा बाकावर पोट धरून बसली होती. मी सांगितलं, "कंपनीनं नाकारलं हो. मर्यादा संपली."

नरसय्यानं मान डोलावली. म्हणाला, "कंपनीचं काय चुकलं मॅडम? माझ्या एकट्यावरच लई खर्च झाला की. हिच्या वाटचं मीच संपवलो."

अण्णा माझ्या मागं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले होते. मी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नरसय्या नवी पेठेतल्या सराफाकडं पद्माची सोन्याची साखळी आणि पाटल्या मोडून आला. नोटा मी मोजून घेतल्या. आणि वर मीच म्हणाले, तुमची अडचण आहे म्हणून दोन हजार कमी करते. त्यानं हात जोडले. आणि त्या क्षणी मला स्वतःबद्दल बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. संध्याकाळी घरी जाऊन मी नीट जेवले.

ऑपरेशन चांगलं झालं. पद्मा घरी गेली त्याच दिवशी अण्णांनी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पैशानं कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं. अमुक पेशंटच्या बिलापोटी आम्हाला दोनदा रक्कम मिळाली, एक परत घ्यावी, आणि पेशंटची मर्यादा पूर्ववत करावी. खाली ती शेपूटवाली सही. मला त्यांनी त्याची प्रत आणून दिली. "तुमाला ठाऊक असावं म्हनून," म्हणाले.

पंधरा दिवसांत कंपनीची दोन माणसं चौकशीला आली. सरांच्या केबिनमध्ये सर, मी आणि अण्णा. सर म्हणाले, पैसे आम्ही परत करायलाच काढले होते, हा चेक तयार आहे. चेक आदल्या दिवशी लिहिला होता, माझ्याच हातानं. मग त्यांच्यातल्या एकानं विचारलं, पोर्टलवर बिल असताना दुसरी फाईल कुणी पाठवली?

पंखा चालू होता, टेबलावरचे कागद हलत होते. सर म्हणाले, "विम्याच्या टेबलावरून गेली." मी माझ्या समोरच्या पेपरवेटकडं बघत राहिले. अण्णा त्या तारखांना रजेवर होते, हजेरीपुस्तक बाहेर माझ्या कपाटात होतं, आणि उठून ते आणायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाले, "व्हय. माझ्याच टेबलावरनं गेली."

बाहेर आल्यावर मी कसंबसं विचारलं, असं का म्हणालात? ते म्हणाले, "वाद घातला असता तर चौकशी सा म्हैने चालली असती. त्या बाईच्या बिलाचे कागद द्यायची मुदत पंधरा दिसांनी संपती. आज मिटलं, म्हंजे मर्यादा ह्या आटवड्यात मोकळी हुईल. तिचे पैसे परत मिळतील." त्यांनी सगळा हिशेब करून ठेवला होता. माझाही केला असणार.

कंपनीचं समाधान व्हावं म्हणून कुणाला तरी काढणं भाग होतं. ते पत्र मी टाइप केलं. श्री. मायाप्पा वाघमोडे यांनी एकाच बिलाचे दोन क्लेम दाखल करून गैरप्रकार केल्याचं निदर्शनास आल्यामुळे त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी कंपनीला. ज्या सहीवर आमचं हॉस्पिटल इतकी वर्षं चाललं, ती सही त्यांना त्या पत्राच्या पोचपावतीवर करावी लागली. त्यांनी पूर्ण केली, शेपटासकट.

जाताना केबिनच्या दारात आले. हातात डबा आणि तो टॉवेल. म्हणाले, "मॅडम, बाकी कुनाला काय बी सांगा. कंपनी काय, दुसरी हॉस्पिटलं काय, माझं आता वय झालं. फकस्त नरसय्याला एकदा खरं सांगा. तुमच्या तोंडनं. मी सांगितलं तर सारवासारव वाटंल." मी म्हटलं, सांगते अण्णा, नक्की सांगते. त्या वेळी मनापासूनच म्हटलं होतं.

पद्माचे पैसे कंपनीकडून महिन्याभरात आले. नरसय्या पेढे घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. साखळी गेली ती गेली, पण पाटल्या पुन्हा करायच्या म्हणत होता. मला म्हणाला, "तुमच्यामुळं झालं मॅडम. त्या अण्णाला मी भाऊ समजत होतो. माझ्याच नावावर दोनदा पैसे उचलला, आणि खिडकीत बसून मला गाव विचारत होता. सगळे लोक सांगतेत, म्हणून कळलं." खरं सांगायची ती वेळ होती. दार बंद होतं, सर नव्हते, आम्ही दोघंच होतो. मी पेढ्याचा तुकडा तोंडात घातला आणि म्हटलं, "जाऊ द्या हो, झालं ते झालं." नंतर सांगू, असं मनाशी ठरवलं. त्यानंतर तो दोनदा तपासणीला आला, दोन्ही वेळा मी कामात असल्याचं सांगितलं. पुढं मी ती नोकरीही सोडली. गुडघे दुखतात, असं कारण दिलं.

त्यानंतर दीडएक वर्षानं मी मुलीकडं पुण्याला निघाले होते. भाड्याची गाडी होती. ड्रायव्हरला चहा हवा होता म्हणून मोहोळच्या स्टँडाजवळ थांबलो. मी गाडीतून उतरले आणि समोरच अण्णा. तोच पांढरा शर्ट, बाह्या बंद. जरा वाकले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं.

"मॅडम, तुमी हितं?" लेकीकडं राहतो, म्हणाले, हितंच एका आडतीवर डाळिंबाचा हिशेब लिहितो. सर कसे आहेत, पोर्टल अजून अडकतं का, जिन्याखाली आता कोण बसतं, सगळं विचारलं. चहा त्यांनीच सांगितला. पैसे मला देऊ दिले नाहीत. मग कप खाली ठेवून म्हणाले, "एक विचारू का? नरसय्याला सांगितलं का तुमी?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं."

का म्हटलं, मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणायचं माझ्यात बळ नव्हतं.

"कवा?"

"तेव्हाच. लगेच."

"मग काय म्हनला?"

"वाईट वाटलं त्यांना फार. म्हणाले, अण्णांना भेटायला पाहिजे. पण तुमचा पत्ता कुणाकडं होता?"

अण्णांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "मी एकदा गेलतो त्याच्याकडं," म्हणाले, "नोकरी गेल्यावर लगीच. त्यानं दार लावून घेतलं. पोरंबाळं बघत व्हती. त्यावर पुन्ना न्हाय गेलो. म्हनलं, मॅडम सांगतील तवा सांगतील. मी गेलो ते तुमी सांगायच्या आदी असनार." मग एकदम उठले. "मग आजच जाऊन येतो की. आज आडत बंद हाय. सुट्टी असली तर तोबी घरीच असंल."

मी म्हटलं, अण्णा, आज कशाला, ऊन आहे, फोन करून जा.

"फोन कशाला? आपल्याच मानसाकडं जायचं." त्यांनी पलीकडच्या गाड्यावरून डाळिंबं घेतली, एकेक हातात तोलून निवडली. "बाईंना चालत्यात न्हवं? ऑपरेशन झालेल्या मानसाला चांगली." मी मान हलवली. सोलापूरची एसटी लागली होती. ते चढले, खिडकीशी जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडं बघून हात केला. एसटी निघाली तरी हात करतच होते.

नरसय्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मोहोळहून सोलापूर गाठायला एसटीला पाऊण तास तरी लागतो, पुढं कुंभारीला जायचं म्हणजे आणखी अर्धा तास. तेवढ्या वेळात एक फोन सहज झाला असता. मी फोन हातात घेऊन गाडीत बसले. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "निघायचं का मॅडम?"

मी म्हटलं, "निघू या."